गाळाचे हप्ते

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत बर्फ प्रामुख्याने तीन ठिकाणी आढळतो : रसवंतीगृहात, मासळीबाजारात आणि लग्नाच्या पंगतीतल्या पाण्याच्या पिंपात. चौथे ठिकाण महाबळेश्वर. तिथे एखाद्या डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या काठी पहाटे दवबिंदू गोठतात, गाड्यांच्या टपांवर नि स्ट्रॉबेरीच्या पानांवर मीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत महाबळेश्वरचे काश्मीर होते. हा बर्फ चमच्याने गोळा करावा लागतो आणि फोटो काढेपर्यंत संपतो. सारांश, ज्याला फावडे लावावे असा बर्फ आमच्याकडे पडत नाही.

असे असूनही आमच्या घरात बर्फाचा विषय वारंवार निघतो, कारण माझे धाकटे मेव्हणे अमेरिकेत बफेलो नावाच्या गावी राहतात. गावाचे नाव ऐकून आमच्या आईने, "मग दुधाची ददात नाही म्हणायची," असे समाधान व्यक्त केले होते. या गावाला लागून ईरी नावाचे प्रचंड सरोवर आहे. हिवाळा तोंडावर आला की सरोवराच्या अजून कोमट असलेल्या पाण्यावरून गार वारा सुटतो, वाटेत वाफ उचलतो आणि ती बर्फाच्या रूपाने लोकांच्या अंगणात आणून ओततो. २०२२च्या नोव्हेंबरात तिथल्या एका उपनगरात साडेसहा फुटांहून जास्त बर्फ पडला. मेव्हण्यांनी मोबाइलवर चलच्चित्र पाठवले. त्यात चहूकडे पांढरे आणि मधोमध माकडटोपी घातलेले मेव्हणे.

"दाजी, सकाळपासून तिसऱ्यांदा काढतोय! फूटपाथ आपला आपणच साफ करायचा, नाहीतर दंड. आणि एवढं काढलं की रस्ता साफ करणारी गाडी येते आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ पुन्हा माझ्या दारात ढकलून जाते!"

"बिचारा!" आमची ही म्हणाली. "माझ्या भावानं माहेरी कधी साधा केर काढला नाही हो."

मी काही बोललो नाही. बावीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसल्यावर माणसाला न बोलण्याची सवय होते. परंतु माझी नजर आपोआप दाराआडच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे आमचे खोरे उभे असते.

आता थोडा भूगोल. कृष्णा आणि कोयना या दोघी महाबळेश्वरला उगम पावतात. वेण्णा साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेला मिळते, कोयना कऱ्हाडला प्रीतिसंगमावर मिळते, आणि वारणा आमच्या दाराशी, हरिपूरला. म्हणजे सातारकर डोक्यावर जो पाऊस घेतात, त्याची पोच सांगलीकर पायाशी देतात. माझी सासुरवाडी साताऱ्याची, अजिंक्यताऱ्याच्या उतारावरची. तिथे पाणी थांबतच नाही. ते उतारावरून खाली निघून जाते, आणि ते 'खाली' म्हणजे आम्ही. सासरेबुवांचा जुलै-ऑगस्टात फोन येतो, "आमच्याकडं जरा पाऊस आहे हं." सासरे मितभाषी आहेत. ते 'बरा पाऊस आहे' म्हणाले तर आम्ही छत्र्या शोधतो. 'जरा' म्हणाले की ट्रंका माळ्यावर चढवतो.

पाण्याची खरी बातमी मात्र आयर्विन पुलावर मिळते. १९२९ साली हा पूल झाला आणि तेव्हाच्या व्हाइसरॉयसाहेबांचे नाव त्याला मिळाले. साहेब गेले, साम्राज्य गेले, पण पावसाळ्यात 'आयर्विन' हा शब्द सांगलीकराच्या तोंडी रामनामापेक्षा अधिक वेळा येतो. चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस फूट ही धोका पातळी. त्या दिवसांत आमच्याकडे कुणी कुणाची प्रकृती विचारत नाही. "किती?" एवढेच विचारतात आणि "बेचाळीस" असे उत्तर मिळाले की पुढे निघतात. जो माणूस एरवी पासबुक भरून घ्यायला मला चार वेळा विचारतो, तो त्या दिवसांत कोयनेची साठवण एकशे पाच पूर्णांक पंचवीस शतांश टीएमसी, असे दशांशचिन्हासह म्हणून दाखवतो. चहाच्या टपरीवर एक लाख क्युसेक म्हणजे दिवसाला किती टीएमसी याचे गणित सुटते. (८.६४. मी केले आहे.) अलमट्टीची उंची किती असावी यावर तर एकाच टपरीवर दोन तट पडून दोन वेगळी बिले होतात.

२००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले. २०१९च्या ऑगस्टात ५७ च्या पुढे. २०२१च्या जुलैत पुन्हा ५४ च्या वर. दोन हजार एकोणीसला आम्ही चौघे हातात सापडेल ते घेऊन साताऱ्याला गेलो. गाडी घाट-उतार करत वर चालली होती आणि साताऱ्याचे पाणी खाली सांगलीला निघाले होते. वाटेत आमची आणि त्याची कुठेतरी गाठ पडली असणार.

पुराविषयी सर्वत्र पुष्कळ लिहिले जाते. परंतु पूर हा आमच्या त्रासाचा केवळ धनको. वसुली करतो तो गाळ. बँकेच्या भाषेत सांगायचे तर पुराचे पाणी हे चालू खाते आहे, आज आहे उद्या नाही. गाळ ही मुदत ठेव. नदीचे पाणी जोरात असते तोवर माती त्याच्याबरोबर पळते. ते पाणी आपल्या स्वयंपाकघरात शिरून स्थिर झाले की मातीही निवांत बसते. कपाटाच्या मागे, पलंगाच्या कप्प्यात, भिंतीवरच्या विजेच्या बटणांत, मुलाच्या कंपासपेटीत. आणि आमची माती काळी, चिकण. ओली असताना पायातली चप्पल ठेवून घेते, वाळली की भेगा पडून फरशीला अशी धरते की पहार मागावी लागते.

म्हणून गाळ काढण्याचे शास्त्र असे, की पाणी पूर्ण उतरायची वाट पाहायची नाही. पाणी गुडघ्याला आले की खराटा घेऊन आत शिरायचे आणि त्याच पाण्याने भिंती, फरशी घासत, गाळ ढवळता ठेवत, उतरत्या पाण्याच्या मागे-मागे उंबऱ्यापर्यंत जायचे. नदीने आणलेले नदीलाच परत करायचे. हे आमच्या आईचे शास्त्र. पण २०१९ला आम्ही पोहोचलो तेव्हा नदी आपल्या घरी गेली होती आणि ठेव आमच्या घरी राहिली होती.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. समोर कितीही मोठे संकट आले तरी आधी त्याचा ताळेबंद मांडतो. घराचे जोते चारशे चौरस फूट, गाळ सरासरी तीन इंच. म्हणजे शंभर घनफूट. ओल्या मातीचे वजन धरता साडेचार टन. घमेल्यात पंधरा किलो धरले तर तीनशे घमेली. तेवढाच ताजा, भुसभुशीत बर्फ जेमतेम तीनशे किलो भरतो. हा आकडा मी मेव्हण्यांना कळवलेला नाही. एक तर नाते नाजूक आहे, आणि दुसरे म्हणजे तिकडे बर्फ तीन इंच नसतो. पण बर्फाचा एक गुण त्यांनी मान्य करायला हवा : न काढला तरी एप्रिलात तो स्वतःहून जातो. गाळाला एप्रिल नाही.

कामाची वाटणी हिने केली. हिच्या हातात खोरे. साताऱ्याच्या मुलीला मोहिमेचे नेतृत्व शिकवावे लागत नाही. माझ्या हाती घमेले, चिरंजिवांच्या हाती फुटकी बुट्टी, आणि आई खुर्चीवर बसून कोणती वस्तू टाकायची नि कोणती धुवायची याचा निवाडा देणार. लग्नाचा आल्बम : टाका, आपण सगळे आहोत की समोर. घराची कागदपत्रे : साताऱ्याला आणली होती, ठीक. लोणच्याची बरणी : झाकण घट्ट आहे, राहू दे. ही बरणी का राहू द्यायची यावर आरोग्यशास्त्राच्या बाजूने मी दोन शब्द बोललो, ते नामंजूर झाले. रात्री हिने गुपचूप बरणी टाकली. सकाळी आईने ती तितक्याच गुपचूप परत आणली. शेवटी तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडून घमेल्याबरोबर गेली आणि घरात शांतता नांदली.

दीडशेव्या घमेल्याला हात आपले राहत नाहीत. एकशे ऐंशीव्या घमेल्याला शेजारचे काका घर धुऊन मोकळे झाले आणि त्यांचे धुवण आमच्या दारात आले. आम्ही ते पुढच्या दारात ढकलले. सगळी गल्ली आपापला गाळ एकमेकांकडे वर्ग करत होती. नावे-जमा होत होते, शिल्लक तेवढीच राहत होती. मग सगळ्यांनी मिळून रस्त्याच्या कडेला एकच ढीग केला. तेवढ्यात कुठूनसे एक पिवळे यंत्र आले, त्याने रस्ता मोकळा करण्यासाठी तो ढीग उचलला, मागेपुढे विचार केला आणि पुन्हा आमच्या फाटकाला टेकवून ते निघून गेले. बफेलोच्या गाडीवानाशी त्याचे काही नाते असावे.

पण त्याच संध्याकाळी एक टेम्पो आला. त्यात कुठल्याशा गावची दहा-बारा पोरे, खांद्याला खोरी. आमची त्यांची ओळख नाही, देख नाही. एकाने माझ्या हातातले घमेले काढून घेतले आणि म्हणाला, "काका, सरका जरा. तुमचं पेनाचं काम दिसतंय." या वाक्याने मला वाईट वाटायला हवे होते, पण मी आनंदाने सरकलो. तासाभरात उरलेली घमेली बाहेर गेली. पाणी प्यायला द्यावे तर शहरात नळाला पाणी नव्हते. त्यांनीच टेम्पोतून आम्हाला बाटल्या काढून दिल्या. आईने गाव विचारले, तर "हितं जवळच" म्हणत ते पुढच्या घरात शिरले. त्या हिशेबाची जमा बाजू आजवर कोरी आहे, आणि ती भरायची कशी ते मला उमजलेले नाही.

बँकेत गेलो तर तिथेही गाळच, फक्त नोटांवर. लोक पिशव्यांतून ओल्या नोटा आणत होते. आम्ही पंख्याखाली त्या वाळत घातल्या; शाखेला लग्नघरातल्या पापडांची कळा आली. एक म्हातारी चहाचा डबा घेऊन आली. डब्यात काळ्या चिखलाचा गोळा होता. तिने सांगितले, "यात सात हजार हायती, बाबा. मी मोजल्यात." मी आणि कॅशियर दोघांनी मिळून, पाण्यात सोडवत, एक-एक नोट सुटी केली. सात हजार दोनशे भरले. मळलेल्या नोटा बदलून द्यायच्या असा नियमच आहे, त्यामुळे त्यात आमचा मोठेपणा काही नव्हता. पण वरचे दोनशे कुठून आले म्हणून ती खिडकीशी तशीच उभी राहिली. मग एकदम म्हणाली, "म्हाताऱ्यानं ठिवलं असतील. मला न सांगता." आणि डोळ्याला पदर लावून हसली. म्हातारबुवांना जाऊन बरीच वर्षे झाली होती.

पूर ओसरला की आमच्याकडे दलाल येतो. घर विकून विश्रामबागेच्या बाजूला, उंचावर फ्लॅट घ्यावा हा प्रस्ताव २०१९ आणि २०२१ असा दोनदा घरापुढे आला. मी कर्जाचे हप्ते काढले, हिने स्वयंपाकघर किती मोठे ते विचारले. गिऱ्हाईकही आले. ते घर न बघता आधी भिंत बघायचे आणि विचारायचे, "पाणी कुठंवर येतं?" आईला खोटे बोलता येत नाही. ती त्यांना उठून स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी न्यायची. त्या चौकटीवर तिने पेन्सिलीने रेघा ओढल्या आहेत : २००५ला दीड फूट, २०२१ला अडीचच्या आत, आणि २०१९ची पाच फूट दोन इंच. गिऱ्हाईक चहा न घेता जायचे.

"आई, उद्या पुन्हा आलं तर?" मी विचारले होते.

"आलं तर आठ-दहा दिवस राहील आणि जाईल. तुझ्या वडिलांकडचे पाहुणे याच्यापेक्षा जास्त राहायचे."

यावर मजजवळ उत्तर नव्हते, आणि भीतीही गेली नव्हती. दर पावसाळ्यात पंचेचाळीसचा आकडा ऐकला की मी झोपेतही त्या वरच्या रेघेकडे पाहतो. तिच्या जवळपास एक फूट खाली त्याच चौकटीवर आणखी एक रेघ आहे. ती चिरंजिवांची, वय वर्षे नऊ, त्याच ऑगस्टातली. घरात त्या दिवशी आम्ही असतो तर काय, याचे गणित वाणिज्य शाखेला सोडवता येते, पण मी ते मांडत नाही.

गेल्या दिवाळीला घराला रंग काढला. रंगाऱ्याने चौकट घासायला घेतली तशी आई ताडकन उठली. चिरंजिवांना हाक मारून तिने चौकटीला उभे केले, डोक्यावर पट्टी ठेवली आणि नवी रेघ ओढली. पाच फूट सहा इंच. चष्मा वर करून तिने दोन्ही रेघांमधले अंतर चार बोटांनी मोजले.

"हं. हा गेला पाण्याच्या वर," ती म्हणाली. "आता त्या दलालाला फोन करून सांग, येऊ नकोस म्हणून. आणि ते खोरं जड झालंय, दांडा बदलून आण. पुढल्या वेळी हाच धरणार आहे."