पंचवीस, पच्चीस आणि वीस पाच

आमच्या किनाऱ्यावर, मुरूडपासून दिघी, म्हसळा, श्रीवर्धनपर्यंत, मुसलमान घरातलं मूल नऊ-दहा वर्षांचं होईतो चार भाषांत आकडे ऐकतं. घरात कोकणी बोली, शाळेत उर्दू, बाजारात, एसटीत आणि फेरीबोटीवर मराठी, मदरशात अरबी. चार भाषांत मोजणारं मूल गणितात चार पावलं पुढे असायला हवं, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलटंच दिसतं. सातवीपर्यंत उर्दू शाळेत बरं चाललेलं मूल आठवीत मराठी हायस्कूलला जातं आणि सहामाही परीक्षेनंतर घरात एक वाक्य ऐकू येतं, "याचं गणित कच्चं आहे." मुलगा असेल तर त्याला कामाला लावायचा विचार सुरू होतो. मुलगी असेल तर शाळा पुरे झाली म्हणतात.

मी गणिताची शिक्षिका नाही. मी उर्दू आणि मराठी शिकवते, बी.एड.सुद्धा भाषा विषय घेऊनच केलं. पण अशा मुलांच्या वह्या माझ्याकडे येतात, आणि त्या पाहून माझं एक मत पक्कं झालंय. यातल्या पुष्कळ मुलांचं गणित कच्चं नसतं. त्यांना गणिताची एक भाषा येत असते, प्रश्न मात्र दुसऱ्या भाषेत विचारलेला असतो.

एकदा एका आठवीतल्या मुलाची अम्मी त्याची उत्तरपत्रिका घेऊन आली. "बाजी, तुम्हीच बघा. एका शब्दाचं उत्तर, तेही कोरं सोडलंय." प्रश्न साधे होते. सर्वांत लहान नैसर्गिक संख्या कोणती? सर्वांत लहान पूर्ण संख्या कोणती? मी तेच प्रश्न उर्दूत विचारले.

"सबसे छोटा तबई अदद?"

"एक."

"और सबसे छोटा मुकम्मल अदद?"

"सिफर."

दोन्ही उत्तरं बरोबर, तीही विचार न करता दिलेली. "मग लिहिलं का नाहीस?" म्हटल्यावर खाली बघून म्हणाला, "बाजी, निसर्ग तो तूफान था ना?"

हसू आलं आणि वाईटही वाटलं. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळलं. घरांची छपरं उडाली, नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. इथल्या मुलांना 'निसर्ग' हा शब्द पुस्तकातून नाही, त्या दिवसापासून माहीत आहे. त्याचा संख्यांशी काय संबंध, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

खरं तर सांगायला दोन मिनिटं लागतात. तबई हा शब्द 'तबीअत'च्या घरातला, म्हणजे मूळ स्वभाव, निसर्ग. मराठीतल्या 'नैसर्गिक'चा अर्थ तोच. टोपलीतल्या सुपाऱ्या मोजताना आपण जिथून सुरुवात करतो त्या १, २, ३, ४ या नैसर्गिक संख्या. मोजायला काहीतरी असेल तरच मोजणी सुरू होते, म्हणून पहिली संख्या १. मुकम्मल म्हणजे पूर्ण. टोपली रिकामी असेल तर किती, या प्रश्नालाही उत्तर हवं म्हणून ० त्यात घेतला की झाल्या पूर्ण संख्या. आपल्या शाळांच्या पुस्तकांत अशी विभागणी आहे. फ्रान्समध्ये शून्यालाही नैसर्गिक संख्यांतच धरतात. म्हणजे नावं माणसांनी ठरवलेली असतात. १ आणि ० जसे आहेत तसेच राहतात.

या रिकाम्या टोपलीचा प्रवासही मुलांना सांगावा. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळातले कोरीव अंक आहेत. दान दिलेल्या गाईंची, नाण्यांची मोजदाद त्यात आहे, पण शून्य नाही. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं. पुढे इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्याशी बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम लिहिले. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिज्मीने हिंदी अंकांच्या हिशेबावर अरबीत पुस्तक लिहिलं. 'शून्य' म्हणजे रिकामं, अरबीत रिकाम्याला 'सिफर' म्हणतात, म्हणून शून्याचं नाव सिफर झालं. उत्तर आफ्रिकेत अरबांकडून हे अंक शिकलेल्या पिसाच्या लिओनार्डोने १२०२ मध्ये ते आपल्या ग्रंथातून युरोपात नेले आणि त्या सिफरपासूनच पुढे इंग्रजीतला 'झीरो' तयार झाला. वर्गात एखाद्याला भोपळा मिळाला की मी त्याला ही गोष्ट सांगते.

शब्दांचा हा प्रवास आपल्या मराठीतही आहे. हिशेब, जमा, वजा, बाकी, रक्कम हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. 'वजाबाकी' हा शब्द फोडून दाखवला की उर्दू शाळेतून आलेल्या मुलाचा चेहरा उजळतो. त्याला वाटत असतं की आपण परक्या घरात आलोय. बघतो तर अर्धी भांडीकुंडी ओळखीची.

आता येते खरी अडचण, संख्यांच्या नावांची. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. 'पंचवीस'बरोबर 'वीस पाच' असंही वाचायला त्या पुस्तकात दिलं होतं. वर्तमानपत्रांत, टीव्हीवर आणि विधिमंडळातही त्यावर बोललं गेलं. मराठी भाषेची मोडतोड चालली आहे, असं पुष्कळांचं म्हणणं होतं. गणित समितीचं काम पाहणाऱ्या दिवंगत मंगला नारळीकर यांनी शांतपणे बाजू मांडली की जोडाक्षरांनी भरलेली ही नावं लहान मुलांना अवघड जातात, आणि बोलण्यात आधी येणारा अंक लिहिण्यात नंतर येतो, याने ती गोंधळतात.

मी भाषेची शिक्षिका, त्यामुळे मी 'पंचवीस'च्या बाजूची असेन असं सगळ्यांना वाटलं. मला 'पंचवीस' आवडतंच. पण नारळीकरबाईंचा मुद्दा मी रोज वहीत पाहते. पंचवीस म्हणताना आधी पाच ऐकू येतात, मग वीस. उर्दूतल्या 'पच्चीस'चंही तसंच. अरबीतही 'पाच आणि वीस'. मूल ऐकतं त्या क्रमाने डावीकडून लिहितं आणि ५२ होतात. उर्दू शाळेतल्या मुलाची गंमत आणखी वेगळी. त्याचा हात उजवीकडून डावीकडे लिहायला सरावलेला. आधी ऐकलेला ५ त्याने उजवीकडे लिहिला आणि २ त्याच्या डावीकडे, तर उत्तर आपसूक २५ येतं. पण गणिताच्या वहीत अंक डावीकडून लिहायचे असतात, तिथे तो अडखळतो. मदरशात आणखी एक फेरा. हजहून आलेल्या मुसहफात आयतींचे क्रमांक पाहिले तर अरबी पाच आपल्या मराठी शून्यासारखा गोल, आणि अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. एवढ्या वळणांतून जाणारं मूल कधीतरी ५२ लिहिणारच. ते मठ्ठ आहे, असा अर्थ त्यातून काढू नये.

आणि इथेच संख्यांचे गुणधर्म उपयोगी पडतात. पुस्तकात त्यांना जड नावं आहेत, पण गोष्टी घरच्या आहेत. पाच आणि वीस किंवा वीस आणि पाच, मिळून पंचवीसच. बेरजेत क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही. याला पुस्तकात क्रमनिरपेक्षता म्हणतात. म्हणून मराठी आधी पाच म्हणते, कानडी आणि तेलुगू आधी वीस म्हणतात, आणि सगळ्यांचे रुपये तेवढेच भरतात. लिहिताना मात्र क्रम बदलला की २५ चे ५२ होतात, कारण तिथे जागेला किंमत आहे. क्रम कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, एवढं कळलं की मुलाचा अर्धा गोंधळ मिटतो.

गुणाकारातही क्रम चालतो. सात अठ्ठे छप्पन्न आणि आठ सत्ते छप्पन्न. हे लक्षात आणून दिलं की पाढ्यांची भीती निम्मी होते. २ ते ९ च्या पाढ्यांत याच अंकांचे एकूण ६४ गुणाकार आहेत, पण उलटसुलट जोड्या एकदाच धरल्या तर पाठ करायचे उरतात ३६. ज्या मुलीला पाढे येत नाहीत म्हणून रडू येतं, तिला हा आकडा जरूर सांगा.

वजाबाकीत क्रम चालत नाही. मासळीच्या टोपलीत ८ पापलेटं असतील तर ३ विकता येतात. ३ असतील तर ८ विकता येत नाहीत. दोन पूर्ण संख्यांची बेरीज करा, गुणाकार करा, उत्तर पूर्ण संख्याच येतं. वजाबाकीत तशी हमी नाही. मुलं विचारतात, "मग दुकानात पैसे कमी पडले तर?" तर दुकानदार वहीत उधारी लिहितो. त्या उधारीसाठी गणिताने ऋण संख्या घेतल्या, आणि पूर्ण संख्यांचं घर वाढून पूर्णांक झाले.

ही वजाबाकी आपल्या नावांतही बसली आहे. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, उर्दूत उनतीस. ८९ ला मराठी म्हणते एकोणनव्वद, नव्वदला एक कमी. उर्दू म्हणते नवासी, नऊ आणि ऐंशी. एका भाषेने वजाबाकी केली, दुसरीने बेरीज, आणि दोघी ८९ वरच पोचल्या. बाजारात नारळवाली हेच करते. २९ रुपयांचा एक, असे ६ नारळ घेतले तर ती कागद काढत नाही. सहा तिसं १८०, त्यातून ६ गेले, १७४. पुस्तकात याचं नाव वितरण गुणधर्म. तिला ते नाव माहीत नसेल, गुणधर्म मात्र तिच्या जिभेवर आहे. हीच मुलं तिच्या शेजारी बसून सुट्टे पैसे परत देतात आणि वर्गात तोच प्रश्न चुकतात.

साहचर्य गुणधर्म मी तसबीहवर समजावते. नमाजनंतर ३३ वेळा सुबहानल्लाह, ३३ वेळा अलहम्दुलिल्लाह, ३४ वेळा अल्लाहु अकबर. पहिले दोन एकत्र करून ६६ मध्ये ३४ मिळवा, किंवा शेवटचे दोन एकत्र करून ६७ मध्ये ३३ मिळवा, १०० च होतात. बेरजेत गट कसेही पाडा. वजाबाकीत हे करून पाहा. १० मधून ४ गेले, मग ३ गेले, उरले ३. पण आधी ४ मधून ३ काढून ती बाकी १० मधून वजा केली तर उरतात ९.

सम-विषमलाही आपल्याकडे रोजची उदाहरणं आहेत. सम म्हणजे जुफ्त, विषम म्हणजे ताक. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतल्या ताक रात्री, २१, २३, २५, २७, २९, लहान मुलांनाही पाठ असतात. दिवसभराच्या फर्ज रकाती मोजा. २, ४, ४, ३, ४, एकूण १७. जुम्याला जोहरच्या चारऐवजी दोन, म्हणजे १५. दोन्ही बेरजा विषम का? कारण बाकी सगळ्या संख्या सम आहेत आणि मगरिबची एकटी ३ विषम आहे. समांची बेरीज सम, तिच्यात एक विषम मिळाली की उत्तर विषम. मराठी वर्गातल्या हिंदू मुलांना मी हेच आरतीच्या ताटातल्या फुलांवर विचारते, तीही तितक्याच चटकन सांगतात.

हे सगळं लिहायचं कारण त्या कोऱ्या उत्तरपत्रिका. उर्दू शाळेत मूल घालून चूक केली का, असं पालक विचारतात, आणि काहीजण घाईने निर्णय घेतात. आपल्या भाषेत शिकलेलं गणित वाया जात नाही. मूल फक्त नवी नावं शिकायला उभं असतं, आणि ती थोडीच आहेत. सातवीच्या सुट्टीत एक वही करा. उजवीकडे उर्दू शब्द, डावीकडे मराठी. तबई अदद, नैसर्गिक संख्या. मुकम्मल अदद, पूर्ण संख्या. जमा, बेरीज. तफरीक, वजाबाकी. जर्ब, गुणाकार. तकसीम, भागाकार. जुफ्त, सम. ताक, विषम. असे पन्नास-साठ शब्द झाले की आठवीची तयारी बरीच झाली. हायस्कूलच्या गणिताच्या शिक्षकांनाही विनंती आहे. पेपर कोरा आला तर शून्य लिहिण्याआधी त्या मुलाला एकदा बोलावून तोंडी विचारा. उर्दू येत नसेल तर वर्गातल्या दुसऱ्या मुलाला विचारायला सांगा.

त्या मुलाने अशी वही केली. वार्षिक परीक्षेत त्याला फार मोठे गुण मिळाले नाहीत, पण एकही प्रश्न त्याने कोरा सोडला नाही. त्याची धाकटी बहीण आता सातवीत आहे. तीच वही ती पुढे भरते आहे.