तो ओटे बसवत होता, आणि मी विचारलंच नाही



आज माझ्या एका चुकीबद्दल लिहितो आहे. काही वर्षांपूर्वी अडतीस वर्षांचा एक रुग्ण आला. कोरडा खोकला, जिना चढताना दम, घटलेलं वजन. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक ठिपके. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नाहीत, पण आपल्याकडे असा एक्स-रे पाहिला की डॉक्टरच्या मनात आधी टीबीच येतो. मी औषधं सुरू केली. त्याने सहा महिन्यांत एकही गोळी चुकवली नाही. दम मात्र वाढतच गेला.

एकदा सोबत आलेली त्याची बायको सहज म्हणाली, "डॉक्टरसाहेब, यांचे कपडे भिजवले की बादलीच्या तळाशी पांढरा गाळ बसतो."

तेव्हा मी विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

सोळाव्या वर्षापासून तो ग्रॅनाइट कापून स्वयंपाकघराचे ओटे बसवत होता. पुढे सीटी स्कॅन झाला, छातीरोगतज्ज्ञांनी तपासलं आणि निदान झालं: सिलिकोसिस. रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारा, असं इटलीच्या डॉ. रामाझिनी यांनी १७०० साली लिहून ठेवलं आहे. मला ते सुचायला सहा महिने लागले.

फुप्फुसात नेमकं काय होतं?

दगडात सिलिका नावाचं खनिज असतं. दगड कोरडा कापला की त्याचे अतिसूक्ष्म कण हवेत उडतात. डोळ्यांना दिसते ती जाड धूळ बहुतेक नाकात आणि घशात अडकते. खरा धोका चार-पाच मायक्रॉनच्या कणांचा. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हे कण दिसतच नाहीत. ते तासन्‌तास हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. तिथल्या संरक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत आणि स्वतःच मरतात. त्या जागी सूज येते, मग व्रण, मग गाठी. फुप्फुस कडक होत जातं. झालेलं नुकसान भरून काढणारं औषध आज नाही. शिवाय अशा फुप्फुसात टीबी सहज शिरतो, त्यामुळे दोन्ही आजार एकत्रही असू शकतात. म्हणून हे वाचून कोणीही टीबीची औषधं परस्पर बंद करू नयेत.

सगळे दगड सारखे नसतात. मार्बलमध्ये सिलिका तुलनेने कमी, ग्रॅनाइटमध्ये बरीच जास्त. सध्या लोकप्रिय असलेल्या कृत्रिम क्वार्ट्‌झमध्ये ती बऱ्याचदा नव्वद टक्क्यांच्या वर असते. ऑस्ट्रेलियात या कृत्रिम दगडामुळे तरुण कारागीर आजारी पडू लागले, तेव्हा १ जुलै २०२४ पासून त्याच्या वापरावर तिथे बंदीच आली.

"माझं जाऊ द्या, धाकट्याचं काय?"

निदान ऐकल्यावर त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न. भाऊ त्याच कामावर होता. मी वर्कशॉप बघायला गेलो. ग्रायंडर कोरडाच चालू होता. तोंडाला रुमाल बांधलेला, शेजारी टेबलफॅन. रुमालातून हे कण आरपार जातात आणि पंखा धूळ घालवत नाही, ती सगळ्यांना वाटतो.

उपाय अवघड नाहीत, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे:

१. धूळ उडण्याआधीच अडवा. कापताना आणि घासताना पाण्याची धार थेट ब्लेडवर पडली पाहिजे. दगडावर मग उलटा करणं पुरेसं नाही. पाण्यात वापरण्यासाठी बनवलेलंच मशीन घ्या आणि शॉक टाळण्यासाठी लाइनला आरसीसीबी बसवा.

२. पाणी वापरणं शक्य नसेल तिथे ब्लेडजवळूनच धूळ ओढून घेणारं फिल्टरचं यंत्र लावा.

३. कोरडा झाडू मारू नका. कपड्यांवर कॉम्प्रेसरची हवा मारू नका. ओला गाळ वाळण्याआधी उचला. तो वाळला की पुन्हा धूळच होते.

४. मास्क शेवटी. किमान एन-९५, चेहऱ्याला घट्ट बसणारा. दाढी असेल तर कडेने हवा शिरते. एकट्या मास्कवर विसंबू नका.

५. कामाचे कपडे तिथेच बदला. ते घरी नेले की मुलांपर्यंत धूळ जाते.

६. खोकला नसला तरी ठरावीक काळाने एक्स-रे आणि फुंकण्याची तपासणी करा. हा आजार बऱ्याचदा दहा-वीस वर्षं गप्प बसतो. तंबाखू-विडी असेल तर आजच सोडा.

आपल्या कामगार कायद्यात सिलिकोसिसची नोंद सरकारकडे करणं बंधनकारक आहे. पण गल्लीतल्या दोन माणसांच्या वर्कशॉपची नोंद कोण करणार? तिथे डॉक्टरचा प्रश्न आणि तुमचा आग्रह, एवढंच हाताशी असतं.

हो, तुमचा. नवा ओटा बसवताना आपण रंग बघतो, भाव करतो. पुढच्या वेळी मिस्त्रींना एवढंच सांगा: "माप आधी नीट घ्या आणि कटिंग पाण्यावरच करा. वेळ लागला तरी चालेल." दोन पैसे जास्त पडले तर द्या.

माझा तो रुग्ण आता दगड कापत नाही. मापं घेतो, हिशेब बघतो. जिन्यात अजून दोनदा थांबावं लागतं. भावाच्या कटरला मात्र पाण्याची नळी लागली आहे. आणि मी नव्या केसपेपरवर नाव आणि वयानंतर पहिली ओळ कामाची लिहितो.