एका सरोवरातले चौघे

१० ऑगस्ट
थिंगवाट्लावाट्न, आईसलँड. ८४ चौरस किलोमीटर, खोली ११४ मीटरपर्यंत. पाणी बहुतेक जमिनीखालून येतं, लाव्हाच्या खडकांतून पाझरून. हातमोज्यांतही बोटं बधिर.

११ ऑगस्ट
जाळ्यात ब्लेइक्या, म्हणजे आर्क्टिक चार मासा. मोठा, काळपट, खालचा जबडा आखूड. पोटात नुसत्या गोगलगायी. याची वीण आत्ता, गार झऱ्यांपाशी.

१३ ऑगस्ट
पाऊस. ताईचा फोन. तिच्या मनूचं अंग भरत नाही. डॉक्टर म्हणाले, खेळतोय ना, मग थांबा. ताई कसली थांबते!

१७ ऑगस्ट
काठच्या दगडांच्या फटींत बोटभर मासे. अंगावर पिल्लांसारखे पट्टे. चिरला तर आत गाबोळी, पिकलेली! कानातल्या खड्यावर चार वर्तुळं. चार वर्षांची बाई ही. तोंड मोठ्या काळपटासारखंच, खाणंही गोगलगायी. फटीत राहायचं तर एवढंच वाढणं परवडतं.

२१ ऑगस्ट
वारा. होडी काढली नाही.

८ सप्टेंबर
स्कूली स्कूलासन आणि सहकाऱ्यांचे जुने निबंध. ब्लेइक्याच्या वेगवेगळ्या प्रकारांची पिल्लं प्रयोगशाळेत सारख्याच परिस्थितीत वाढवली, तरी डोक्या-तोंडाच्या ठेवणीतला फरक बराचसा उरला. नुसता खुराकाचा प्रश्न नाही तर.
ताईला हे सांगायचं नाही.

२५ सप्टेंबर
मुर्ता आला, ब्लेइक्याचाच तिसरा प्रकार. चंदेरी, सडपातळ, वीतभर. दोन्ही जबडे सारखे. एरवी उघड्या पाण्यात प्लवक टिपतो, आता विणीला काठाशी. काळपटाची वीण कधीच उरकली. इथले शेतकरी हे प्रकार नावानिशी ओळखतात, शास्त्रज्ञ यायच्या आधीपासून.

२६ सप्टेंबर
चौथा, मासेखाऊ. ४२ सेंमी. पोटात काटेरी स्टिकलबॅक. तोंड मुर्त्याच्या वळणाचं.

३० सप्टेंबर
हिमयुग सरलं, सुमारे १०,००० वर्षांपूर्वी. समुद्रातून आलेले मासे इथे कोंडले गेले. सरोवरात माशांच्या जाती तीनच: ब्लेइक्या, ट्राउट, स्टिकलबॅक. वाटेकरी कमी, जागा भरपूर. ब्लेइक्याने चार धंदे काढले.

२ ऑक्टोबर
ताईचा मेसेज. मनू दोन सेंमी वाढला. पुढे सात उद्गारचिन्हं.

४ ऑक्टोबर
अहवाल. 'प्रजाती' या रकान्यात 'साल्वेलिनस अल्पायनस, एक' लिहिलं. शास्त्राला धरून आहे. पण घास वेगळा, राहण्याची जागा वेगळी, विणीचे महिनेही सगळ्यांचे एक नाहीत. मासेमारीची मर्यादा ठरवताना चौघांचा हिशेब वेगवेगळा धरावा, असं खाली शेऱ्यात घातलंय.