आषाढातला हीट लोड

कारखान्याचा हीट लोड काढायचा म्हटलं की हात आपोआप मे महिन्याकडे वळतो. बाहेर ४० अंश, आत २३. या फरकावरून भिंती आणि पत्र्यातून येणारी उष्णता काढायची, त्यात माणसं, दिवे, मोटारी मिळवायच्या आणि बेरजेला १२,००० बीटीयूंनी भागून टन काढायचे. ऑफिसच्या इमारतीत ही रीत बहुतेक वेळा निभावून नेते. औषधांच्या कारखान्यात मात्र ती दगा देते. तिथल्या कित्येक खोल्यांत पावडरची धूळ असते, सॉल्व्हंटची वाफ असते. ती हवा परत फिरवता येत नाही. जेवढी बाहेर फेकली तेवढी ताजी आत घ्यावी लागते. अशा खोल्यांचा कस मे महिन्यात नव्हे, आषाढात लागतो, असं माझं ठाम मत आहे.

पुणे परिसरच घेऊ. मेमधली दुपार ४० अंश आणि १५ टक्के आर्द्रतेची धरू, जुलैमधला झडीचा दिवस २६ अंश आणि ९० टक्क्यांचा. खोली दोन्ही वेळी २३ अंश, ५० टक्क्यांवर हवी. सायक्रोमेट्रिक चार्टवर हे तीन बिंदू मांडून पाहावेत. मेमधल्या दर किलो हवेतून सुमारे १२ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, जुलैमधल्या हवेतून जवळपास ३२. थर्मामीटरवर जुलैचा फरक अवघा तीन अंशांचा, पण जवळजवळ सगळा भार पाण्याचा आहे. मेमधली हवा खोलीतल्या हवेपेक्षाही कोरडी असते. जुलैमधल्या किलोभर हवेत मात्र २० ग्रॅमच्या आसपास बाष्प असतं आणि खोलीला जेमतेम ९ ग्रॅम चालतं. उरलेल्या ११ ग्रॅमचं कॉइलवर पाणी होऊन ते ड्रेन पॅनमध्ये पडायला हवं, आणि दर ग्रॅममागे सुमारे अडीच किलोज्यूल मोजावे लागतात. १०,००० सीएफएम ताज्या हवेचा मेमधला हिशेब १७ टनांच्या आसपास येतो, जुलैमधला ४५ टनांच्या.

यावर कुणी म्हणेल, जुलैत पत्रा तापत नाही, भिंती गार असतात, म्हणजे तिकडच्या बचतीतून इकडचा भार भरून निघेल. मशीन शॉपसारख्या, ताजी हवा कमी घेणाऱ्या शेडमध्ये हे खरं आहे आणि तिथे मे महिनाच धरावा. पण ताज्या हवेचं प्रमाण वाढलं की छताची बचत पुरी पडत नाही. दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो: एवढा काथ्याकूट कशाला, मेच्या आकड्यावर तीस टक्के मार्जिन टाका. मार्जिनने टन वाढतात, ओल निघेलच असं नाही. थर्मोस्टॅटला फक्त तापमान कळतं. २३ अंश झाले की तो चिल्ड वॉटरचा व्हॉल्व्ह आवळतो, कॉइल कोमट होते आणि बाष्प तसंच खोलीत शिरतं. मग कॅप्सूलची टरफलं मऊ पडतात, पावडरच्या गुठळ्या होतात.

ओल काढायची तर हवा १२ अंशांच्याही खाली न्यावी लागते, आणि ती तशीच सोडली तर जुलैत खोली गारठते. म्हणून री-हीट हवा. वीज जाळून ती देण्यापेक्षा चिलर जी उष्णता बाहेर फेकतो तीच गरम पाण्यातून परत आणता येते. पण त्यासाठी पाइपची जागा ड्रॉइंगमध्ये आधीच राखावी लागते, आणि ती राखायची हे हीट लोडच्या तक्त्यात जुलैचा रकाना भरल्याशिवाय कळत नाही.