तेहतीस तासांचा मुक्काम

आमची थोरली लेक व्हँकुव्हरला असते. ऑगस्टमध्ये तिचं बाळंतपण आहे. आम्ही दोघांनी जायचं हे ठरलेलंच होतं, पण अब्बांना मागे कुणाकडे ठेवायचं? वय शहात्तर, साखरेचा त्रास, उजवा गुडघा कुरकुरणारा. शेवटी त्यांनाही बरोबर न्यायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, न्या, पण एवढा प्रवास एका दमात करू नका, मध्ये एक रात्र झोपू द्या. धाकट्याने तिकिटं शोधली आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात टोकियोला मुक्काम पडेल अशी सोय केली. तोही पंधरा दिवसांची रजा काढून बरोबर येतोय. सकाळी आठला उतरायचं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला पुढचं विमान. तेहतीस तास.

तेहतीस तास ऐकायला पुष्कळ वाटतात. धाकट्याने त्याच रात्री चौदा ठिकाणांची यादी केली. शिबुयाचा तो प्रसिद्ध चौक, आसाकुसाचं जुनं देऊळ, उएनोचा बाजार, टोकियो टॉवर. आमच्या यादीत एकच नाव होतं, टोकियो जामी मशीद. रशियातून आलेल्या तातार मुसलमानांनी १९३८ मध्ये तिथे पहिली मशीद उभारली. ती जीर्ण झाली म्हणून १९८६ मध्ये पाडली आणि तुर्कस्तानच्या मदतीने आताची उस्मानी घाटाची मशीद २००० मध्ये उघडली. फोटो पाहिल्यापासून तिथे दोन रकात पढायच्या हे आमच्या मनात पक्कं होतं.

मग एकेक अडचण पुढे येऊ लागली. पहिली म्हणजे, आम्ही उतरणार हानेदाला आणि पुढचं विमान नारिताहून. दोन्ही टोकियोचेच विमानतळ, म्हणून तिकीट काढताना कुणाचं लक्ष गेलं नाही. हानेदा शहराला लागून आहे, नारिता शहरापासून साठेक किलोमीटर लांब. एका टोकाला उतरून दुसऱ्या टोकाला चढायचं, तेही तीन महिन्यांच्या सामानासकट.

दुसरी अडचण औषधांची. जपानात डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्यापुरती नेता येतात. त्याहून जास्त असतील तर आधी अर्ज करून परवानगीचा कागद घ्यावा लागतो. अब्बांच्या साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या तीन महिन्यांच्या! सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असतं, त्यांना तर तिथे बंदीच आहे. ज्यांना असा प्रवास करायचा असेल त्यांनी व्हिसाच्या अर्जाबरोबरच औषधांचा डबाही उघडून पाहावा. आम्ही तो फार उशिरा उघडला आणि आठवडाभर धावपळ केली.

तिसरी अडचण ऊन. जपान म्हणजे थंड देश अशी आमची समजूत. प्रत्यक्षात तिथला पाऊस साधारण जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात थांबतो आणि मग पारा पस्तिशीला टेकतो, वर घामट हवा. आपल्या पनवेलचा मे महिना तिकडे जुलै-ऑगस्टमध्ये येतो म्हणा ना. अशा उन्हात शहात्तर वर्षांच्या माणसाला चौदा ठिकाणी फिरवायचं? यादी आठवर आली, मग पाचवर. बापलेकांत एकदा आवाजही चढला.

अब्बा हे सगळं कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होते. शेवटी आम्हीच विचारलं, "अब्बा, तुम्हाला काय बघायचंय?"

"माझं काय," म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "योकोहामा लांब आहे का तिथून?"

अब्बा जहाजावर भंडारी होते, म्हणजे स्वयंपाकी. दापोलीकडच्या आमच्या गावात त्या काळी निम्म्या घरांतला एक तरी माणूस दर्यावर असायचा. ते कुठल्या कुठल्या बंदरांना गेले हे आम्ही कधी नीट विचारलंच नव्हतं. घरात माहीत होतं ते एवढंच, की अब्बा नऊ-दहा महिने नसायचे आणि आले की ट्रंक भरून सामान आणायचे.

१९७४ मध्ये त्यांचं जहाज योकोहामाला लागलं होतं. एक दिवस भाजी आणि मासळी घ्यायला ते दुसऱ्या एका खलाशाबरोबर बंदरावर उतरले. असंच कडक ऊन होतं. धक्क्याजवळच्या बागेत त्यांना एक छोटा घुमट दिसला. आपल्याकडच्यासारखा, खाली कमानी, आत वर रंगीत नक्षी आणि मध्ये पाण्याचा नळ. "आम्हाला वाटलं, कुणीतरी पीर असतील, त्यांच्या नावाची सबील आहे. पाणी प्यालो. मी फातिहा पढलो. जहाज दुसऱ्या दिवशी सुटलं. पुन्हा त्या बंदराला गेलो नाही."

"अब्बा, जपानात कुठून आला पीर?" धाकटा हसला. "ते दुसरीकडे कुठेतरी असेल. तुम्ही सिंगापूरला गेला होतात ना, तिथलं आठवत असेल."

अब्बा काही बोलले नाहीत. पण त्या रात्री जेवले कमी.

दुसऱ्या दिवशी धाकट्यानेच शोधून काढलं. योकोहामाच्या बंदरावर यामाशिता नावाची बाग आहे, १९३० ची. १ सप्टेंबर १९२३ च्या मोठ्या भूकंपात अख्खं शहर कोसळलं, त्याचा ढिगारा समुद्रात लोटून ही बाग केली. त्या वेळी योकोहामात रेशमाचा व्यापार करणारे भारतीय होते, बरेचसे सिंधी. त्यांच्यातले कितीतरी भूकंपात गेले. उरलेल्यांना शहरातल्या लोकांनी आधार दिला. ते कोबेला निघून गेले तेव्हा त्यांनी परत यावं म्हणून त्यांच्यासाठी घरं बांधून दिली. त्या उपकाराची आठवण म्हणून आणि आपल्या मेलेल्या माणसांसाठी भारतीय व्यापाऱ्यांनी १९३९ मध्ये बागेत एक पाणपोई बांधून शहराला दिली. घुमट, कमानी, आतून रंगीत नक्षी. आजही उभी आहे.

फोटो अब्बांपुढे धरला. त्यांनी चष्मा पुसून पाहिला. "हीच," म्हणाले. मग, "म्हणजे पीर नव्हते?"

"नव्हते अब्बा. पण मेलेल्यांच्याच नावाची आहे."

"मग फातिहा वाया नाही गेला," असं म्हणून त्यांनी फोन परत दिला. धाकटा खाली मान घालून बसला होता. उठून त्याने यादीचा कागद फाडला आणि नव्याने लिहायला घेतला.

गंमत अशी, की योकोहामा धरल्यावर सगळं आपोआप सुटत गेलं. हानेदाहून योकोहामा रेल्वेने अर्ध्या तासावर. तिथून नारिताला थेट गाडी जाते, दीड तासात. म्हणजे सामान घेऊन टोकियोत फिरायची गरजच नाही. तिथली हॉटेलं खोली दुपारी तीनशिवाय देत नाहीत, म्हणून थोडे जास्त पैसे भरून सकाळीच खोली घेतली. त्या पैशांवरून आम्हा दोघांत जरा वाद झाला, पण अब्बांना लॉबीत पाच तास बसवणं बरं नव्हे. दुपारी सगळ्यांनी झोपायचं. संध्याकाळी ऊन उतरलं की योकोहामाहून शिबुयाची गाडी अर्ध्या तासाची, आणि जामी मशीद तिथून जवळच आहे. मगरीब तिथे, पावणेसातच्या पुढे, मग धाकट्याचा चौक दिव्यांच्या उजेडात. अब्बांना वाटलं तर येतील, नाहीतर आमच्यापैकी एक जण त्यांच्याजवळ थांबेल.

बाग दुसऱ्या दिवशी पहाटे. तिथे सूर्य पावणेपाचलाच उगवतो. आपल्या घड्याळात तेव्हा रात्रीचा सव्वा वाजलेला असेल, पण अब्बांची फजर चुकत नाही. फजर पढून निघायचं, ऊन चढायच्या आत परतायचं. आम्ही शाफई, मुसाफिरीत जोहर आणि असर एकत्र पढता येतात, तेव्हा बाराची गाडी पकडायला हरकत नाही.

खाण्याचं म्हणाल तर अब्बा म्हणाले, "भात-मासे मिळतात ना? मग?" ते इतकं सोपं नाही. तिथल्या सारात डुकराचं हाड उकळलेलं असू शकतं, माशाच्या रश्श्यात मिरीन नावाची गोड दारू. लेकीने व्हँकुव्हरहून एक कार्ड करून पाठवलंय, त्यावर जपानीत लिहिलंय की आम्ही काय खात नाही. मशिदीत हलाल दुकान आहे, तिथून दुसऱ्या दिवसाची सोय होईल. नाहीतर बरोबर तांदळाच्या भाकऱ्या आणि लसणाची चटणी आहेच. भाकऱ्या दोन दिवस टिकतील की नाही याबद्दल घरात मतभेद आहेत.

पासपोर्ट अजून व्हिसाला गेलेले आहेत. विमानतळाबाहेर पाय ठेवायचा तर तो हवाच. अब्बा रोज संध्याकाळी विचारतात, आले का. त्यांनी कपाटातून खलाशी असतानाचं जुनं दाखलेपुस्तक काढून उशाशी ठेवलंय. सोबत घ्यायचंय म्हणतात. काय कामाचं, असं आता कुणी विचारत नाही.

गुडघ्याच्या डॉक्टरांनी त्यांना रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. गेल्या आठवड्यापासून ते पाऊण तास चालतात.