उपनगरी गाडीतली उपमा

घाटकोपरला बारावीच्या मुलींना इंग्रजी शिकवते. सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन, ट्रान्सफर्ड एपिथेट, सगळ्या व्याख्या पाठ आहेत. कवितेची ओळ समोर ठेवून ‘यात काय आहे?’ विचारलं की वर्ग गप्प. दोष मुलींचा नाही. फिगर्स ऑफ स्पीचचा तक्ता कवितेच्या आधी हातात पडतो आणि कविता उदाहरणं शोधण्यापुरती उरते. आधी कविता, मग नाव.

*

बारावीच्या २०२०च्या इंग्रजी युवकभारती या पाठ्यपुस्तकात दिलीप चित्र्यांची ‘फादर रिटर्निंग होम’ आहे. तुकोबा इंग्रजीत नेणारे चित्रे. जन्म बडोद्याचा, १९३८चा, पुढे मुंबईत आले. उशिराच्या लोकलने परतणारा बाप, डब्यातला पिवळा उजेड, भिजलेले कपडे, चिखलाचे डाग पडलेला रेनकोट, पुस्तकांनी फुगलेली पिशवी. घरी शिळी चपाती आणि पातळ चहा. स्टेशनाचं नाव कवितेत नाही. मुली आपापलं घालतात: कुणी मुलुंड, कुणी विक्रोळी. परीक्षेसाठी याहून चांगली कविता उपनगरातल्या मुलांना मिळाली नसती.

*

मराठीच्या तासाला उपमेचे चार भाग शिकवतात: उपमेय, उपमान, साधर्म्यवाचक शब्द, साधारण धर्म. इंग्रजीचा पेपर सोडवताना मराठी माध्यमाची मुलं हे बाजूला ठेवतात. का ठेवावं?

गाडीतून उतरणाऱ्या बापाला चित्र्यांनी लांब वाक्यातून गळलेल्या शब्दाची उपमा दिली आहे. उपमेय बाप. उपमान शब्द. साधर्म्यवाचक ‘लाइक’. तिन्ही ओळीत दिसतात. साधारण धर्म मात्र लिहिलेला नाही, तो वाचणाऱ्याने शोधायचा. एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, तो उतरला तरी गाडी तशीच पुढे जाते, कोणाला कळतसुद्धा नाही.’ हेच ते. ‘नेम अँड एक्स्प्लेन’मधलं ‘एक्स्प्लेन’ म्हणजे हे वाक्य. ‘लाइक’ आहे म्हणून सिमिली, एवढं लिहिणाऱ्याने कविता अजून वाचलेली नाही.

*

उताऱ्याचं स्कॅनिंग: अंधेरीच्या जिन्यावरून धावत उतरताना आपण इंडिकेटर वाचतो तसं. बोरिवली, फास्ट की स्लो, किती वाजता. बाकीचं डोळा सोडून देतो. माहितीच्या प्रश्नांना हे पुरतं. इन्फरन्सला नाही.

*

इन्फरन्स म्हणजे अंदाज नव्हे. प्रत्येक निष्कर्षामागे उताऱ्यातला पुरावा हवा.

चित्र्यांच्या कवितेत मुलं बापाशी मोकळेपणाने बोलत नाहीत, असं कवी सांगतो. बाप त्यांच्यावर चिडला आहे का? तसं कुठे म्हटलेलं नाही. पण झोपताना त्याच्या स्वप्नात पूर्वज येतात आणि नातवंडंही. ज्याने मुलांचा नाद सोडला, तो नातवंडांची स्वप्नं कशी पाहील? एवढं लिहिलं की उत्तर झालं. मुलींनी यावर बराच वेळ वाद घातला. एकीचं मत होतं, आजची मुलं दुरावली म्हणूनच तो पुढच्या पिढीकडे वळला. तेही पुराव्यात बसतं. दोन्ही उत्तरांना गुण मिळायला हवेत.

*

कवितेचा टोन समजावायला सरोजिनी नायडूंची ‘इंडियन वीव्हर्स’. तीन कडवी. सकाळी निळं कापड, नव्या बाळासाठी. संध्याकाळी मोरपंखी जांभळं-हिरवं, राणीच्या लग्नासाठी. रात्री थंडगार चांदण्यात पांढरं, प्रेतासाठी. रंग बदलतो तसा आवाज बदलतो. मुलींना फक्त रंग सांगायला लावले; टोन त्यांनीच सांगितला.

*

परीक्षेत कवितेच्या ॲप्रिसिएशनला चार गुण. ‘द पोएम इज व्हेरी नाइस’ कोणत्याही कवितेला चालतं, म्हणून समोरच्या कवितेला चालत नाही. कवीचं नाव, विषय, एखादा अलंकार आणि तो तिथे काय करतो, शेवटी स्वतःचं मत. मराठीतलं ‘स्वमत’ मुलींना छान लिहिता येतं. पर्सनल रिस्पॉन्स वेगळा काही नाही.

*

अलिटरेशन, म्हणजे अनुप्रास, कानाने ओळखावं. ‘नाइफ’ आणि ‘नाइट’: स्पेलिंग एकाचं ‘के’पासून, दुसऱ्याचं ‘एन’पासून, तरी अनुप्रास आहे. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ दोन्ही ‘सी’चे, तरी नाही. म्हणून कविता मोठ्याने वाचायची, चाळीतल्या घरात शेजाऱ्यांना ऐकू गेली तरी.