राक्षस, पऱ्या आणि आमचीं मुलें

“मुलगा वाचतो, पण चेटकिणी आणि उडते सर्प यांखेरीज कांहीं वाचीत नाहीं,” ही तक्रार हल्लीं पुष्कळ सुशिक्षित घरांतून ऐकूं येते. तक्रार करणारे आईबाप प्रेमळ असतात; त्यांची काळजीही खोटी नसते. परीक्षा जवळ आलेली असते, आणि चिरंजीव मात्र जादूच्या जाडजूड पुस्तकांत डोकें खुपसून बसलेले असतात. रत्नागिरीस तीस वर्षांवर काळ संस्कृत व मराठी शिकविण्यांत गेल्यामुळें अशा पालकांची आम्हांस संवय आहे. आमचें उत्तर त्यांस बहुधा आवडत नाहीं. मुलानें अद्भुत वाचावें यांत चिंता करण्यासारखें कांहीं नाहीं. चिंता याची कीं, तें अद्भुत त्यास केवळ इंग्रजींत भेटतें, आणि घरांतील वडील माणसांस त्यांत कांहींच वांटा नसतो.

अद्भुत हें परक्यांकडून आलेलें खूळ आहे अशी कोणाची समजूत असल्यास ती त्यांनीं सोडून द्यावी. गुणाढ्याची बृहत्कथा ज्या सातवाहन राजाच्या दरबारांत गेली, त्याची राजधानी गोदातीरींचें प्रतिष्ठान, म्हणजे आपलें पैठण. आख्यायिका अशी कीं, ग्रंथ पैशाची भाषेंत आहे म्हणून राजानें तो तुच्छ लेखिला. तेव्हां खिन्न झालेला गुणाढ्य रानांत अग्नि पेटवून एकेक पान पशुपक्ष्यांस वाचून दाखवी आणि तें अग्नींत टाकी. पशु चरणें विसरून, अश्रु ढाळीत ऐकत राहिले. राजास हें कळून तो धांवत येईपर्यंत सात लक्ष श्लोकांपैकीं सहा लक्ष जळून गेले होते. त्याच कथापरंपरेंतून अकराव्या शतकांत काश्मीरच्या सोमदेवानें सूर्यवती राणीच्या मनोरंजनार्थ ‘कथासरित्सागर’ रचिला.

आपल्या छापील मराठी वाङ्मयाचा आरंभही असाच आहे. रत्नागिरीचें वाचनालय, ज्यास आज आपण जिल्हा नगर वाचनालय म्हणतों, तें १८२८ सालीं स्थापन झालें. त्याच सालीं सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचीं ‘बाळमित्र’ व ‘इसापनीति’ हीं पुस्तकें निघालीं, आणि दोन वर्षांनीं त्यांचीच ‘वेताळपंचविशी’ आली. पुढें १८६१ पासून कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठींत आणण्यास प्रारंभ केला. मेघदूत मराठींत उतरविणाऱ्या पंडितास जिनांच्या गोष्टी सांगण्यांत कमीपणा वाटला नाहीं, तर तो आपणांस कां वाटावा?

आमचा नातू मुंबईस इंग्रजी शाळेंत जातो. वय अकरा. गेल्या मे महिन्यांत तो आला तेव्हां हॅरी पॉटरचे सातही भाग त्याचे वाचून झालेले होते. मराठी मात्र, दगडादगडावर पाय ठेवीत वहाळ ओलांडावा, तसें तो एकेक अक्षर लावून वाची. त्याच्या वडिलांचें म्हणणें, सुटींत त्याजकडून रोज एक पान शुद्धलेखन लिहवून घ्यावें. तें मागाहून पाहूं, असें म्हणून आम्हीं वेताळाचें पुस्तक काढलें. रात्रीं जेवणें उरकल्यावर पडवींत एक गोष्ट वाचावयाची. नियम एवढाच कीं, वेताळानें प्रश्न केला कीं पुस्तक मिटावयाचें. विक्रमाचें उत्तर दुसऱ्या दिवशीं.

एके रात्रीं चार भावांची गोष्ट आली. रानांत सांपडलेल्या हाडावर एकानें आपल्या विद्येनें मांस चढविलें, दुसऱ्यानें कातडी व केंस, तिसऱ्यानें उरलेले अवयव, आणि चौथ्यानें त्यांत प्राण घातला. तो निघाला सिंह; त्यानें चौघांसही खाल्लें. पातक कोणाचें? नातू म्हणाला, चौघांचें सारखें. धाकटी नात म्हणाली, शेवटच्याचें. सूनबाईंनीं हाड शोधून आणणाऱ्यास दोष दिला. सकाळीं आंब्यांची आढी लावतांनाही तोच वाद चालू होता. विक्रमाचें उत्तर असें कीं, पहिल्या तिघांस आपण कोणता प्राणी घडवितों हें ठाऊक नव्हतें. चौथ्यानें समोर सिंह दिसत असतां त्यास जिवंत केलें, म्हणून पातक त्याचें. नातू थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “आजोबा, मग बाँब करणाऱ्यांचेंही तसेंच ना?” नीतिपाठाचा एकही तास असा प्रश्न मुलाच्या तोंडून काढूं शकला नसता.

पांचव्या रात्रीं कोनाड्यांतलें पुस्तक नाहींसें झालें. चिरंजीव दिव्याखालीं ओळीवर बोट ठेवून स्वतःच वाचीत बसले होते. परत जाण्यापूर्वीं तीन संध्याकाळ त्यानें आम्हांस हॅरीची कथा मराठींत सांगितली. अडेल तेथें शब्द आम्ही पुरवीत होतों. तो अजून सावकाशच वाचतो, परंतु आतां त्यास वाचावयास बसवावें लागत नाहीं. मराठींत राक्षस भेटले नाहींत, तर आमच्या नातवंडांस मराठी ही केवळ दटावण्याची आणि भाजी मागण्याची भाषा राहील.

तेव्हां मुलांस काय द्यावें? सहासात वर्षांच्या मुलांस वडिलांच्या तोंडच्या गोष्टी, आणि विंदा करंदीकरांचा ‘एटू लोकांचा देश’, जो १९६३ सालीं प्रसिद्ध झाला. आठ ते दहा वर्षांच्या मुलांस पंचतंत्र, वेताळपंचविशी व सिंहासनबत्तिशी. १९५२ सालीं मराठींत सुरू झालेला आमच्या लहानपणचा ‘चांदोबा’ आतां बंद पडला. परंतु १९७१ सालीं निघालेला बालभारतीचा ‘किशोर’ चालू आहे. त्यापुढील वयास भा. रा. भागवतांनीं मराठींत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या कथा, आणि अरबी गोष्टींची मुलांसाठीं केलेली आवृत्ति. मूळ ग्रंथांतील सर्वच गोष्टी त्या वयास योग्य नाहींत. चौदा वर्षांनंतर नाथमाधवांचा ‘वीरधवल’, जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा, आणि टोल्कीनच्या कथेचा मुग्धा कर्णिक यांनीं केलेला अनुवाद ‘स्वामी मुद्रिकांचा’. ज्यास हॅरीच हवा, त्यास ‘हॅरी पॉटर आणि परीस’ द्यावा. कथा ठाऊक असल्यानें भाषा सोपी जाते.

गांवोगांवच्या वाचनालयांस आमची विनंति अशी कीं, मुलांचीं पुस्तकें त्यांच्या हातास पोंचतील अशा खालच्या फळ्यांवर ठेवावीं, निवड त्यांची त्यांस करूं द्यावी, आणि शनिवारीं सायंकाळीं तासभर गोष्ट वाचून दाखवावी. वाचणारा शोधावयास दूर जावें लागणार नाहीं. पेन्शन घेऊन घरीं बसलेले आम्हांसारखे पुष्कळ आहेत. गोष्ट संपल्यावर ‘यावरून तुम्ही काय शिकलां?’ हा प्रश्न मात्र कोणींही विचारूं नये. प्रश्न विचारण्याचें काम वेताळ पूर्वींपासून उत्तम करीत आला आहे.